ठोकळ्याचं प्रदर्शन

माझं फ्रेमचं दुकान आहे. भिंतीवर टांगण्याजोगं थोडं आणि न टांगण्याजोगं बरंच काही माणसं माझ्याकडे आणतात. पदव्या, मेलेली कुत्री, जिवंत सासरे, बाळाच्या तळपायाचे ठसे, पुढाऱ्याशी हात मिळवतानाचा फोटो, ज्यात पुढारी तिसरीकडेच बघतोय. मी सगळ्यांना सारख्याच इमानाने काच लावते. मोल विचारायचं नाही, माप विचारायचं, हा आमच्या धंद्याचा नियम. म्हणून माझा धाकटा भाऊ चित्रकार झाल्याचं त्याने येऊन सांगितलं, तेव्हा मी एवढंच विचारलं, "माप काय?"

"ताई, त्याला माप नसतं," तो म्हणाला. "ते स्क्रीनवर असतं."

"मग माझ्याकडे कशाला आलास?"

तर म्हणे प्रदर्शन आहे. स्क्रीन एकच, बाकीच्या भिंती ओक्याबोक्या दिसतील, म्हणून काही चित्रं कागदावर छापून फ्रेम करायची. एवढं विज्ञान, एवढं तंत्रज्ञान, आणि गाडं शेवटी अडलं कुठे, तर खिळ्यापाशी. मला बरं वाटलं.

घरात त्याला आम्ही ठोकळा म्हणतो. नाव बाबांनी ठेवलेलं. बाबा शाळेत ड्रॉइंग मास्तर होते आणि हा त्यांच्याच वर्गात. गाय काढा म्हटलं की हा एक ठोकळा काढायचा आणि त्याला खाली चार ठोकळे जोडायचा. झाड म्हणजे उभा ठोकळा. आई म्हणजे मोठ्या ठोकळ्यावर लहान ठोकळा. बाबांनी एकदा भर वर्गात त्याची वही वर धरली आणि म्हणाले, "हा बघा ठोकळ्याने काढलेला ठोकळा." पोरं खदाखदा हसली आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. वर चित्रकलेत नापास केला तो वेगळाच. पोटच्या पोराला नापास करणारा मास्तर मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

बाकी सगळ्या विषयांत हा पहिला. त्यामुळे पुढे शास्त्रज्ञ झाला आणि माणसाचे हात का थरथरतात या विषयावर एका संशोधन संस्थेत वर्षानुवर्षं घासत बसला. कारण काही सापडलं नाही. संस्थेचं अनुदान आटलं, टेबल गेलं, आणि एके दिवशी साहेब कलावंत झाले.

त्याची कला समजून घ्यायला मी मनापासून प्रयत्न केला, हे इथे नोंदवून ठेवते. तो चित्र काढत नाही. तो संगणकासाठी नियम लिहितो. तो नियम ब्लॉकचेनवर चढवतो. ब्लॉकचेन म्हणजे जगभरच्या असंख्य संगणकांनी मिळून जपलेली नोंद. एकदा तिथे काही चढलं की, त्याच्याच शब्दांत, "कुणाच्या बापाला पुसता येत नाही." मग गिऱ्हाईक येतं, बटण दाबून विकत घेतं, त्या व्यवहाराचा एक लांबलचक आकडा तयार होतो, तो आकडा नियमाला चालना देतो आणि चित्र उगवतं. काय उगवणार ते गिऱ्हाइकाला ठाऊक नसतं आणि चित्रकारालाही नसतं.

"म्हणजे कोंबडी तुझी आणि अंडं नशिबाचं," मी म्हटलं.

"तुला हे कळणार नाही, ताई."

नाचता येईना अंगण वाकडं, असं लोक म्हणतात. याने त्याच्यापुढची मजल मारली. याला नाचता येईना, म्हणून याने अंगणालाच नाचायला लावलं आणि स्वतः बाजूला उभा राहून टाळ्या घेतल्या.

शास्त्रज्ञाची खोड मात्र गेली नव्हती. चित्रांना नावं नाहीत, क्रमांक. प्रत्येकाच्या खालच्या कोपऱ्यात एक बारीक मोजपट्टी, सूक्ष्मदर्शकातून काढलेल्या फोटोला असते तशी. चित्र दाखवताना हा 'बघ' म्हणायचा नाही, 'निरीक्षण कर' म्हणायचा. मालिकेचं नाव होतं 'अवशेष'. गॅलरीच्या बाईंनी त्यावर लेख लिहिला होता. त्यात देहाच्या आत दडलेलं संगीत होतं, यंत्राचं अश्रू ढाळणं होतं, आणि पूर्णविराम एकच होता.

छापलेले कागद दुकानात आले तेव्हा मी ते चेष्टा करायच्या तयारीनेच उघडले. चेष्टा जमली नाही. चित्रं चांगली होती. मला अजूनही हे लिहिताना जिवावर येतं, पण होती. पांढऱ्यावर नुसत्या काळ्या रेषा, केसासारख्या बारीक, एकमेकींच्या जवळून जाणाऱ्या, पण एकही सरळ नाही. प्रत्येक रेषा आतून कापत होती. संगणकाच्या रेषा माझ्याकडे पुष्कळ येतात, त्यांच्यात जीव नसतो. यांच्यात होता. ठोकळ्याच्या रेषेत जीव कुठून आला, हे मला कळेना.

काच बसवून झाली की मी तिच्यावरून नख फिरवते. धूळ अडकली असेल तर नखाला कळते. त्या दिवशी नख सहज एका रेषेच्या मागे मागे गेलं. बारीक, जलद हिसके, मग उजवीकडे एक मोठा झटका, मग क्षणभर सगळं थबकलेलं, कुणी श्वास रोखून धरल्यासारखं, आणि पुन्हा बारीक हिसके. काचेवर नख टकटक वाजत होतं. टक-टक-टक-टक, खट्, शांत. टक-टक-टक-टक, खट्, शांत.

हा आवाज मी रोज सकाळी ऐकते. बशीवर कप ठेवताना बाबांचा हात हाच आवाज करतो.

बाबांबद्दल इथे सांगायला हवं. फळ्यावर एका फटक्यात गोल काढणारा माणूस तो. खडू टेकवला की गोल पुरा करूनच उचलायचे, आणि कंपास लावून बघा म्हणायचे. मग हात कापायला लागला. आधी गोलाला बारीक दाते आले, मग गोल मिटेना, मग मागच्या बाकावरून हसणं सुरू झालं. बाबांनी मुदतीआधीच नोकरी सोडली. तेव्हापासून त्यांचे हात चारचौघांत खिशातून बाहेर आले नव्हते. त्यांच्या प्रत्येक पँटचे आणि कोटाचे खिसे मी खोल करून घेतलेत. घरात कुणी आलं की त्यांना चहा नको असायचा. "पित्त होतं," म्हणायचे. पित्तबित्त काही नाही. पाहुणा गेला की अर्धा कप घ्यायचे, माझ्यासमोर, भिंतीकडे तोंड करून.

मी ठोकळ्याला दुकानात बोलावून घेतलं. काच माझ्या हातात होती, ती मी आधी खाली ठेवली.

"हा हात कुणाचा?" मी विचारलं.

तो कागदाकडे बघत राहिला. "डेटा आहे, ताई."

"कुणाचा?"

"प्रयोगशाळेत खूप लोकांच्या नोंदी घेतल्या होत्या. संगणकाला जोडलेल्या पाटीवर पेन चालवायला सांगायचो, हाताची हालचाल नोंदली जायची. त्यातलीच एक."

"ठोकळ्या."

"बाबांची," तो म्हणाला.

मला आठवलं. एकदा तो बाबांना संस्थेत घेऊन गेला होता. बाबा आदल्या दिवसापासून खूश होते. पोरगा बापाच्या हातावर औषध शोधतोय, असं त्यांनी जिन्यात भेटलेल्या प्रत्येकाला सांगितलं होतं. परत आले ते गप्प आले. मला वाटलं, दमले असतील.

"एवढ्या लोकांतून बाबांचीच का घेतलीस?"

"बाकीच्यांची परवानगी घ्यावी लागली असती."

"आणि बाबांची?"

"बाबा काय, आपलेच आहेत."

घ्या. परक्यांच्या पाठीमागे कायदा उभा असतो, बापाच्या पाठीमागे कोण उभं असणार! आयुष्यभर शिकून आमच्या शास्त्रज्ञाने लावलेला हा शोध. मी त्याला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. तो मध्ये मध्ये म्हणत होता की नाव कुठेच नाही, आकड्याला चेहरा नसतो, कुणाला कळणार नाही, तू उगाच भावनिक होतेस.

"काढून टाक ते," मी म्हटलं.

"काढता येत नाही."

"म्हणजे?"

"नियम चढलाय. त्यातच ते आकडे आहेत. मलाही हात लावता येत नाही आता. तेच तर त्याचं वैशिष्ट्य आहे."

जन्मभर याला काही काढता आलं नाही. शेवटी असं काही करून बसला की आता कुणालाच काढता येणार नाही.

बाबांना सांगायचं नाही आणि प्रदर्शनाला न्यायचं नाही, असं मी ठरवलं. पण त्यांनी आमंत्रण आधीच पाहिलं होतं. मी घरी गेले तर कोट इस्त्री करून दाराला लटकवलेला. कापत्या हाताने स्वतः इस्त्री केली होती, बाहीवर एक दुहेरी घडी पडली होती.

"माझ्या वर्गातला सगळ्यात ढ मुलगा," बाबा म्हणाले, "आणि त्याचं प्रदर्शन! मी नापास केला होता गं त्याला. जाऊन कबूल करायला नको, की मास्तर चुकला?"

"गर्दी असेल, बाबा. उभं राहावं लागेल."

"वर्गात काय मी झोपून शिकवत होतो?"

मला त्यांचे हात दिसत होते, कोटाच्या रिकाम्या खिशांवरून फिरणारे, खोली तपासणारे. एवढ्या वर्षांत जे झाकलं, ते भिंतभर लावलंय, आणि त्याला फ्रेम मीच केलीय, हे त्या माणसाला मी कोणत्या तोंडाने सांगू? मी भ्याले. मग स्वतःची समजूत घातली की त्यांची नजर अधू झालीय, कळणार नाही. उंटावरून शेळ्या हाकायच्या तर निदान उंट तरी असावा लागतो. माझ्याकडे तोही नव्हता.

गॅलरी म्हणजे एक मोठी पांढरी खोली. त्या खोलीत बसायला काही ठेवलेलं नव्हतं, कारण बसलेला माणूस चित्रापेक्षा चपलेकडे जास्त बघतो, असं त्या बाईंचं मत होतं. माणसं काळ्या कपड्यांत आली होती आणि हळू आवाजात एकमेकांचं बोलणं तोडत होती. एकजण माझ्या फ्रेमपुढे उभा राहून "गोंगाटाची नैतिकता" असं काहीतरी म्हणाला. दुसरा म्हणाला, "अगदी." मी पुढे होऊन फ्रेम सरळ केली, ती खरोखरच वाकडी झाली होती.

बाबा भिंतीच्या कडेकडेने एकेक चित्र बघत चालले. हात खिशात. बघण्याची त्यांची पद्धत जुनी, आधी लांबून, मग जवळून, मग डोळे बारीक करून. पहिल्या चित्रापाशी त्यांनी मान डोलावली. दुसऱ्यापाशी जास्त वेळ थांबले. तिसऱ्यापाशी म्हणाले, "रेषा चांगली आहे गं. कुणाकडून शिकला?"

तेवढ्यात बाईंनी टाळी वाजवली. आता थेट निर्मिती. एका दाढीवाल्या संग्राहकाने फोन उंचावला, अंगठा दाबला, आणि मोठ्या स्क्रीनवर रेषा उगवायला लागली. कागदावरची रेषा थांबलेली असते. ही चालत होती. बारीक हिसके, झटका, थबकणं. बारीक हिसके, झटका, थबकणं.

बाबा स्क्रीनकडे बघत होते. मग त्यांनी खाली, आपल्या उजव्या खिशाकडे पाहिलं. पुन्हा स्क्रीनकडे. खिशाचं कापड हलत होतं, त्याच तालात. मी त्यांचा दंड धरला. त्यांनी तो सोडवून घेतला.

स्क्रीनजवळ ठोकळा बोलायला उभा राहिला. हा आवाज त्याने कधी कमावला कोण जाणे, घरात तर मीठ मागतानाही तो अडखळतो. मानवी हाताचा अस्सल कंप, म्हणाला. त्यातून उरलेलं, म्हणाला. शुद्ध, म्हणाला. दाढीवाल्याने विचारलं, "पण हा हात आहे कुणाचा?"

ठोकळ्याने खोलीभर नजर फिरवली. त्याला बाबा दिसले. दिसले, हे मी शपथेवर सांगते. मी तिथेच होते.

"एका अनामिक रुग्णाचा," तो म्हणाला.

मला वाटलं, बाबा वळतील आणि दाराकडे जातील. मी कोटाची बाही धरायला हात पुढे केला. तर ती बाही वर गेली. बाबांचा हात खिशातून बाहेर आला होता, पांढऱ्या दिव्यांखाली, सगळ्यांच्या डोक्यांवर, वर्गातल्या पोराने उत्तर येतं म्हणून वर करावा तसा, आणि तो कापत होता. मागे स्क्रीनवर रेषा कापत होती. दोन्हींचा ताल एकच, हे कळायला कुणाला विज्ञानाची गरज पडली नाही.

"माझा," बाबा म्हणाले.

मग त्या माणसांनी काय केलं असेल? टाळ्या वाजवल्या. मी आयुष्यात पुष्कळ मूर्ख पाहिलेत, काहींना फ्रेमही केलंय, पण इतके एकत्र कधी पाहिले नव्हते. त्यांना वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग. फोन वर निघाले. बाई डोळे पुसत पुढे आल्या.

"सर, किती सुंदर आहे हे!"

"सुंदर?" बाबांनी हाताकडे पाहिलं. "बाई, याने माझी नोकरी खाल्ली."

मग ते ठोकळ्याकडे वळले. आवाज वर्गातला होता, मागच्या बाकापर्यंत जाणारा, पण रागावलेला नव्हता. "चित्र कुठंय?"

"हेच चित्र आहे, बाबा."

"हे नव्हे. हा माझा हात झाला. मी काढलेलं चित्र कुठंय?"

ठोकळ्याला कळेना. मलाही कळलं नाही.

"तू पाटीवर आधी गोलगोल काढायला लावलंस," बाबा म्हणाले. "मग म्हणालास, आता मनाला येईल ते काढा, हात थांबवू नका. मी काढलं. पुष्कळ वेळ काढत होतो. ते कुठे आहे?"

ठोकळ्याने ओठ ओले केले आणि बोलू लागला. त्याच्यातला शास्त्रज्ञ प्रामाणिक आहे, प्रश्न विचारला की बिचाऱ्याला उत्तर द्यावंच लागतं. "हाताच्या हालचालीत दोन भाग असतात, बाबा. एक सावकाश, म्हणजे माणूस मुद्दाम हात नेतो तो. आणि एक जलद, आपोआप होणारा. आम्हाला जलद भाग हवा असतो. म्हणून सावकाश भाग वजा करतात. पहिल्याच पायरीला. सगळेच करतात."

"वजा केलेलं कुठे ठेवता?"

"ठेवत नाही."

"आणि मूळ?"

"मूळ नोंदी संस्थेने पुसल्या. जागा कमी पडत होती."

पीठ फेकलं आणि कोंडा जपला. आणि जपला तो असा, की जगबुडी झाली तरी जाऊ नये.

"तू त्यातलं काही पाहिलं नाहीस?" बाबांनी विचारलं. "मी काढत होतो तेव्हा?"

"मी... मी आलेख बघत होतो, बाबा. आकडे नीट येतायत की नाही ते."

बाबा हसले. ते हसू मला सहन होईना. "मी तुलाच काढत होतो रे. तू समोर बसला होतास, मान खाली घालून. लहानपणापासून तू माझ्यासमोर इतका वेळ न हलता कधी बसला नव्हतास. म्हटलं, संधी आहे. हात कापत होता, पण चेहरा जमला होता. कान तर फारच छान जमले होते. शेवटी तू पेन काढून घेतलंस आणि म्हणालास, 'छान डेटा आला, बाबा.' मला वाटलं, तू पाहिलंस आणि तुला आवडलं नाही. नापास केलंस मला, असं वाटलं. फिट्टंफाट झाली म्हटलं. त्यानंतर मी पेन्सिल धरली नाही."

ठोकळ्याचं तोंड उघडं राहिलं होतं. त्याच्या मागे स्क्रीनवर चित्र पुरं झालं आणि कोपऱ्यात मोजपट्टी उमटली.

"परत काढा," तो म्हणाला. आता आवाज घरातला होता, मीठ मागतानाचा. "बाबा, परत काढा ना."

"इथे?"

"इथेच. मी बसतो."

आणि तो बसला, जमिनीवरच, नव्या पँटने. बाबांनी बाईंच्या हातातून पेन घेतलं आणि त्यांच्या लेखाचा कागद घेऊन तो उलटा केला. एवढ्या मोठ्या लेखाला मागची बाजू कोरी होती, हे नशीब. भिंतीला टेकून, कागद मी फ्रेमांबरोबर आणलेल्या एका जाड पुठ्ठ्यावर ठेवून ते काढायला लागले. हात कापत होता, पेन कागदावर टकटकत होतं, आणि त्यांनी तो झाकला नाही. ठोकळ्याने एकदा सवयीने मान खाली घातली.

"वर बघ," बाबा म्हणाले. "आधी बघायचं, मग काढायचं. किती वेळा सांगितलं होतं?"

लोक फोन घेऊन पुढे सरकले. माझ्याकडे पॅकिंगचे मोठे पुठ्ठे होते. मी त्यातला एक उचलला, बापलेकांकडे पाठ केली आणि तो आडवा धरून उभी राहिले. दाढीवाला म्हणाला, "बाई, बाजूला व्हा, हा ऐतिहासिक क्षण आहे." मी म्हटलं, "इतिहासाला सांगा, दुकान बंद आहे." माझे हात भरून आले, डोळेही भरून आले, पण पुठ्ठा मी खाली येऊ दिला नाही.

पाठीमागे टकटक बराच वेळ चालली, मग थांबली.

"हे घे," बाबांचा आवाज आला. "बघ."

कागद हातातून हातात गेल्याची सळसळ ऐकू आली.

"बघितलंस?"

"हो."

"नीट?"

"हो, बाबा." तो रडत होता.

मग कागद फाटल्याचा आवाज आला. मी गर्रकन वळले. बाबांनी चित्राचे दोन तुकडे केले होते, मग चार, मग लहान लहान, आणि ते शांतपणे कोटाच्या खोल खिशात भरत होते.

बाई किंचाळल्या. "सर! अहो, ते मूळ चित्र होतं! एकमेव!"

"फळा पुसायचा असतो, बाई," बाबा म्हणाले. "नाहीतर पुढचा तास घ्यायचा कुठे? तुमच्या यंत्राला ते अजून शिकवलेलं दिसत नाही." मग इकडेतिकडे पाहत त्यांनी विचारलं, "इथे चहा मिळेल का? पूर्ण कप द्या. अर्धा नको."

कुणीतरी आणून दिला. सगळ्या काळ्या कपड्यांसमोर त्यांनी तो घेतला. बशी वाजली, कोटावर सांडला, इस्त्री केलेल्या बाहीवर डाग पडला. त्यांनी शेवटच्या घोटापर्यंत घेतला.

त्याला आता बरेच दिवस झाले. 'अवशेष' चालूच आहे, तो थांबवता येत नाही. जगात कुठेतरी कुणीतरी अंगठा दाबतं आणि माझ्या बापाचा हात तिथल्या भिंतीवर कापतो. मला याचा राग येतो आणि येत राहील. मी ठोकळ्याशी अजून धड बोलत नाही.

तो मात्र दुपारचा दुकानात येतो. माझ्या कापायच्या टेबलाच्या कोपऱ्यावर बसतो, पुठ्ठ्याचा उरलेला तुकडा घेतो आणि पेन्सिलीने खाली मान घालून काहीतरी गिरवत राहतो. त्या दिवशी बाबांनी काढलेला चेहरा तो आठवून काढायला बघतोय. बाबांनी सांगितलंय, मी परत काढणार नाही, तू पाहिलायस ना, मग आता तू काढ.

"ताई, तू पाहिलं होतंस का?" त्याने एकदा विचारलं. "भुवया कशा काढल्या होत्या?"

"माझी पाठ होती," मी म्हटलं.

काढणाऱ्याखेरीज ते चित्र पाहिलेला माणूस जगात एकच, आणि त्याला चित्र काढता येत नाही. आता याहून मोठी शिक्षा मला तरी सुचली नसती.

काल मी कामातून वाकून पाहिलं. ठोकळाच होता, जुना, ओळखीचा. पण त्याला या वेळी दोन कान जोडले होते, आणि डावा उजव्यापेक्षा किंचित मोठा होता. खराच आहे त्याचा तसा. तो बराच वेळ त्या कानाकडे बघत बसला होता.

मी ड्रॉवरमधून खोडरबर काढला आणि त्याच्यापुढे सरकवला.